इंग्लंडच्या कौन्सिलमधली नोकरी: पेन्शन, पार्किंग आणि इतिवृत्त

यूकेत नवीन आलेल्या, खासकरून डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मैत्रिणी नेहमी विचारतात की आयटी नाही, नर्सिंग नाही, मग आम्ही बीए एलएलबीवाल्यांनी इथे करायचं काय. मी इंग्लंडमधल्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये डेमोक्रॅटिक सर्व्हिसेसला आहे, म्हणजे आपल्याकडे महापालिकेत नगरसचिवांचं ऑफिस जे करतं साधारण तेच, अजेंडा काढायचा, सभेला बसायचं, इतिवृत्त लिहायचं. आपल्या लोकांना ही नोकरी असते हेच माहीत नसतं. फक्त एक, स्पॉन्सरशिपच्या भरवशावर हिच्या मागे लागू नका, काम करायची परवानगी आधीच हातात असेल तरच अर्ज करा.

हे काम म्हणजे नेमकं काय ते सांगायला मला दोनच विषय पुरतात, बायकांची पेन्शन आणि गावातलं पार्किंग. एकाच संध्याकाळी दोन्ही आले की समजायचं आज घरी जेवायला उशीर.

पेन्शनचा विषय म्हणजे वास्पी, म्हणजे स्टेट पेन्शनचं (सरकारकडून म्हातारपणी मिळणाऱ्या पेन्शनचं) वय वाढवल्यावरून लढणाऱ्या बायकांची मोहीम. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायका ६० व्या वर्षी स्टेट पेन्शन मिळणार असं धरून चालल्या होत्या. १९९५ च्या कायद्याने ठरलं की २०१० ते २०२० मध्ये हे वय हळूहळू पुरुषांसारखं ६५ करायचं, मग २०११ ला नवा कायदा करून वेग वाढवला, नोव्हेंबर २०१८ लाच ६५ आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत दोघांनाही ६६. वास्पीवाल्यांचं म्हणणं असं की समान वयाला आमची ना नाही, पण आम्हाला धड कळवलं कुठे? ऑम्बुड्समननेही, म्हणजे सरकारी कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यानेही, मान्य केलं की वय बदलल्याची पत्रं २८ महिने आधी जायला हवी होती, आणि मार्च २०२४ मध्ये १,००० ते २,९५० पौंड भरपाईची शिफारस केली. डिसेंबर २०२४ ला सरकारने पत्रांच्या उशिराबद्दल माफी मागितली आणि पैसे द्यायला नाही म्हटलं.

आता यात डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हातात काय आहे? काहीच नाही. स्टेट पेन्शन हा वेस्टमिन्स्टरचा विषय, कौन्सिल एक पेनीसुद्धा देऊ शकत नाही. म्हणून कौन्सिलमध्ये वास्पीच्या बाजूने जो ठराव येतो त्याचा शेवट ठरलेला, कौन्सिलच्या लीडरने मंत्र्यांना पत्र लिहावं. नवीन येणाऱ्याला वाटतं की हा निव्वळ टाइमपास, माझ्या टीममधल्या एकाला अजूनही तसंच वाटतं. मला नाही वाटत. जांभळे पट्टे घातलेल्या बायका गॅलरीत येऊन बसतात, त्यातली एक आजी तीन मिनिटं बोलायला उभी राहते आणि सांगते की नोकरीचा राजीनामा देऊन झाल्यावर मला कळलं, पेन्शन अजून लांब आहे, तेव्हा एरवी फोनमध्ये डोकं घालून बसलेले काउन्सिलरही वर बघतात. हे बोलायला त्यांना दुसरी जागा कुठली आहे सांगा. आपल्याकडच्या लाडकी बहीणशी याची तुलना मात्र करू नका, ती सरकारी मदत आहे, इथे या बायकांनी वर्षानुवर्षं नॅशनल इन्शुरन्स भरलेला असतो.

क्लार्कची, म्हणजे आपली, परीक्षा असते ती उपसूचनेला. विरोधी गटाचा कोणीतरी उभा राहतो, "भरपाई" शब्द काढा आणि "योग्य विचार व्हावा" घाला म्हणतो, की सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. उपसूचनेने मूळ ठराव उलटा करायचा नाही असा नियम बहुतेक कौन्सिलच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे सभेच्या नियमावलीत, असतो. निर्णय अध्यक्षांचा, पण त्यांच्या कानात सांगायचं तुम्ही किंवा मॉनिटरिंग ऑफिसरने (कौन्सिलचं काम कायद्याला धरून चालतं का ते बघणारा अधिकारी), आणि तेही अर्ध्या मिनिटात, त्यामुळे ती पानं चिकटपट्टी लावून उघडी ठेवायची.

मतदान झालं की जांभळे पट्टे टाळ्या वाजवून घरी जातात, आणि गॅलरीत दुकानदार मंडळी सरसावून बसतात. पार्किंग!

इथे आवाज दुप्पट आणि कायदा चौपट. टू-टियर भागात, म्हणजे जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं असतात तिथे, रस्त्यावरच्या पार्किंगचं काउंटी कौन्सिल बघतं आणि पे अँड डिस्प्ले कारपार्क डिस्ट्रिक्टचे, त्यामुळे निम्मे लोक चुकीच्या कौन्सिलवर चिडलेले असतात आणि ते ऐकून घेणं हाही आपल्या कामाचाच भाग. बरं, एखादा काउन्सिलर पहिला तास फुकट करा असा ठराव आणतो, सभा जोरात हो म्हणते, पण कॅबिनेट पद्धतीच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे जिथे लीडर आणि मोजके काउन्सिलर कारभार चालवतात तिथे, दर ठरवणं हे कॅबिनेटचं काम, पूर्ण सभा फक्त विनंती करू शकते. म्हणजे गंमत बघा, आपल्याच मालकीच्या कारपार्कबद्दल सुद्धा ठरावाची भाषा पेन्शनच्या ठरावासारखीच, अमक्याने तमकं करावं. फरक इतकाच की इथलं कॅबिनेट त्याच हॉलमध्ये समोर बसलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात त्याला उत्तर द्यावं लागतं. कॅबिनेटने दर बदलला तरी तो उद्यापासून लागू होत नाही, निदान २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

पार्किंगमधून कौन्सिल पैसे छापतं हा आरोप दर वेळी होतो, तेव्हा २०१३ ची बार्नेटची केस माहीत असलेली बरी. लंडनमधल्या बार्नेट कौन्सिलने रहिवाशांच्या परमिटचे दर वाढवले होते, हायकोर्टाने ते बेकायदा ठरवलं, कारण १९८४ चा रोड ट्रॅफिक रेग्युलेशन कायदा हा महसूल गोळा करायचा कायदा नाही. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये रहदारी, गाड्यांची उलाढाल, ब्लू बॅजवाल्यांची (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना असलेल्यांची) सोय हे सगळं येतं आणि बजेटमधला खड्डा हे कारण म्हणून कोणी लिहीत नाही. भाषणात मात्र सगळे तेच बोलतात.

आणि ज्या काउन्सिलरचं स्वतःचंच दुकान हाय स्ट्रीटवर, म्हणजे गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर, आहे आणि पार्किंगच्या दरात ज्याचं हित गुंतलंय त्याने काय करायचं? त्याने सभेच्या आधी मॉनिटरिंग ऑफिसरला विचारायचं. तो विचारत नाही, सभा सुरू व्हायला पाच मिनिटं असताना कॉफी घेत तुम्हाला विचारतो. तुम्ही सल्ला द्यायचा नाही, मॉनिटरिंग ऑफिसरकडे नेऊन सोडायचं.

इतिवृत्ताचं म्हणाल तर शब्दन् शब्द लिहायचा नसतो. सूचक कोण, अनुमोदक कोण, काय ठरलं, नावानिशी मतदान मागितलं असेल तर कोणी कसं मत दिलं, बास. कोण कोणाला काय बोललं ते लिहिलं तर दुसऱ्या दिवशी फोन सुरू, आणि तसंही २०१४ पासून लोक सभेचं शूटिंग करू शकतात, पुरावा कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच. आपल्याकडे वकिलीत रोजनामा बघायची सवय असेल तर हे पटकन जमतं. इंग्रजीचं फार टेन्शन घेऊ नका, मला जड गेले ते उच्चार, भाषा नव्हे.

इंटरव्ह्यूला हमखास येणारा प्रश्न म्हणजे पाच क्लिअर डेज, म्हणजे अजेंडा काढणं आणि सभा यांच्यामध्ये कामाचे पूर्ण पाच दिवस सुटायला हवेत. सभा गुरुवारी असेल तर अजेंडा कधीपर्यंत निघायला हवा? सभेचा दिवस धरायचा नाही, अजेंडा काढल्याचा दिवस धरायचा नाही, शनिवार-रविवार तर नाहीच, म्हणजे आधीच्या आठवड्यातला बुधवार. मध्ये बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आला तर मंगळवार. कागदावर मांडून चार-पाच वेळा करून बघा, कारण इंटरव्ह्यूला भले भले गुरुवार सांगतात. शिवाय ज्या कौन्सिलला अर्ज करताय त्यांचं कॉन्स्टिट्यूशन (कौन्सिलच्या कारभाराची नियमावली) साइटवरून काढून मोशन्सचा, म्हणजे ठरावांचा, भाग वाचा, एखाद्या सभेला गॅलरीत जाऊन बसा, कोणीही जाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही त्यांना विचारायची. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलंय की टू-टियर भागातली डिस्ट्रिक्ट आणि काउंटी मोडून मोठी युनिटरी, म्हणजे दोन्हींची कामं एकत्र बघणारी, कौन्सिलं करायची. तेव्हा तुमच्या भागात काय ठरलंय, पोस्ट कायम आहे की तोपर्यंतच, हे तिथेच स्पष्ट विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, पॅनेलवर बसलेल्यांनाही स्वतःबद्दल तोच प्रश्न पडलेला असतो.