कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड कसं निवडायचं

आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा, कार्ड नंतर. बहुतेक कॅमेऱ्यांना एसडी लागतं, काही वरच्या मॉडेल्सना सीएफएक्सप्रेस, आणि एकाच्या जागी दुसरं बसत नाही. कॅमेरा जुना असेल तर अजून एक बघा, ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी आणि त्याच्या पुढची २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी, त्यामुळे फक्त एसडीएचसी चालणाऱ्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं टाकलं तर एरर येऊ शकतो आणि आपल्याला उगाच वाटतं कार्डच खराब निघालं.

आता स्पीड, खरी गडबड इथेच होते. कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा रीड स्पीडचा असतो, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर घेताना उपयोगी. शूट करताना लागतो राइट स्पीड, त्यासाठी बारीक खुणा वाचा: क्लास १० किंवा यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. यातला 'किमान' महत्त्वाचा, कारण कार्ड मागे पडलं की व्हिडिओ मध्येच थांबतो आणि तो क्षण काही परत मिळत नाही. कॅमेरा व्हिडिओचा आकडा मेगाबिटमध्ये सांगतो आणि कार्ड मेगाबाइटमध्ये, तेव्हा ८ ने भागा, १०० मेगाबिटचा फोरके म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, त्याला व्ही३० भरपूर झालं.

पक्षी, खेळ असं रॉमध्ये (म्हणजे प्रोसेस न केलेल्या मोठ्या फाइलीत) धडाधड बर्स्ट, म्हणजे एकामागून एक फोटो मारणार असाल तर मात्र यूएचएस टू हे जास्त वेगाचं कार्ड घ्या, मागे पिनांच्या दोन रांगा असतात ते. पण कॅमेरा यूएचएस वनचाच, म्हणजे आधीच्या कमी वेगाचा असेल तर ते चालेल, जास्तीचा वेग मिळणार नाही, पैसे वाया.

साइजचं म्हणाल तर वरच्याच हिशोबाने ६४ जीबीत साधारण ८५ मिनिटं फोरके मावतो. मी एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम घ्या असंच सांगेन, एक बिघडलं तर सगळंच जात नाही.

आणि नकली कार्डं खूप असतात हो, लेबल २५६ चं आणि आत जेमतेम ३२, तेवढं भरलं की पुढचे फोटो गायब! म्हणून घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, वेळ लागतो पण कराच. तपासून झालं की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.