‘आरसी’ नोंदी साफ करताय? या चुका टाळा

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर डीपीकेजीची (पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअर, टाकणारं-काढणारं साधन) यादी काढली की काही ओळींच्या सुरुवातीला ‘आरसी’ (rc) दिसतं, आणि नवीन माणूस घाबरतो. डीपीकेजीची पॅकेजांची नोंदवही बिघडलेली नसते. ‘आर’ म्हणजे पॅकेज काढून टाकलंय, ‘सी’ म्हणजे त्याच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइल्स अजून शिल्लक आहेत. पॅकेज काढण्याची ‘ॲप्ट रिमूव्ह’ ही कमांड त्या मुद्दाम ठेवते. पॅकेज पुन्हा टाकलं तर तुमची सेटिंग्ज जागेवर मिळावीत म्हणून. या नोंदी जागाही फारशी खात नाहीत, त्यामुळे घाई कशाचीच नाही.

तरी घाई होतेच. सगळ्या ‘आरसी’ ओळी ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) निवडून थेट ‘पर्ज’ला, म्हणजे कॉन्फिगसकट सगळं पुसणाऱ्या कमांडला, देणारी एक तयार कमांड सगळीकडे फिरते. माझ्या एका सहकाऱ्याने ती सर्व्हरवर चालवली, तीही डेबकॉन्फ (पॅकेजांचे प्रश्न विचारणारी यंत्रणा) नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे काहीच न विचारता ठरलेली उत्तरं घेणाऱ्या अवस्थेत ठेवून. यादीत पोस्टग्रेस या डेटाबेसची जुनी आवृत्ती होती. प्रोग्रॅम काढलेला, पण डेटा डिस्कवर तसाच. पर्ज करताना हे पॅकेज ‘डेटाही काढू का’ असं विचारतं आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘हो’ असतं. प्रश्न पडद्यावर आलाच नाही. जुना डेटा गेला, आणि बॅकअप आठवडाभरापूर्वीचा निघाला. ती रात्र मी त्याच्या शेजारी बसून काढली आहे. तेव्हापासून मी यादी आधी वाचतो. जुनी कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ‘लिब’ने सुरू होणारी (लायब्ररींची) नावं एकत्र उडवतो, डेटाबेस, मेल, वेब सर्व्हर एकेक करून, प्रश्न वाचून. आणि आधी ‘-एस’ (-s) लावून, प्रत्यक्षात काहीही न काढता, नुसती चाचणी फेरी घेतोच.

ग्रेपमध्ये ‘आरसी’च्या आधी ओळीच्या सुरुवातीची खूण (^) हवीच. नाहीतर ‘सर्च’ (search), ‘सोर्स’ (source) अशी, मध्येच rc येणारी नावं असलेली चालू पॅकेजंही जाळ्यात येतात.

डीपीकेजी जिच्यात पॅकेजांच्या नोंदी ठेवतं ती स्टेटस फाइल एडिटरमध्ये उघडून ओळी खोडू नका. खोडल्या असतील तर व्हार-बॅकअप्स (/var/backups) फोल्डरमध्ये तिच्या जुन्या प्रती असतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘ईटीसी’मधला (/etc, जिथे कॉन्फिग फाइल्स असतात) पॅकेजचा फोल्डर हाताने उडवणं. मग पॅकेज पुन्हा टाकलं तरी कॉन्फिग परत येत नाही आणि लोक पॅकेजलाच दोष देतात. फाइल तुम्ही मुद्दाम काढली असं डीपीकेजी समजतं आणि तुमचा निर्णय पाळतं. डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा गायब कॉन्फिग परत आणणारा पर्याय देऊन पुन्हा इन्स्टॉल करा. कॉन्फिग नवीकोरीच हवी असेल आणि पॅकेजचा डेटा नको असेल, तर आधी पर्ज, मग इन्स्टॉल.