जुन्या गाडीला मोठी चाकं बसवताय? या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की होटगी रोडवरच्या माझ्या शेडमध्ये एखादी तरी पॅडमिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, येतेच. डिकीत चार अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, आणि मालकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘अण्णा, आजच बसवून द्या.’ वरातीत गाडी उठून दिसावी ही हौस मला कळते, मलाही ती आहे. पण चाकं आधी विकत घ्यायची आणि माप नंतर बघायचं, या घाईचा मला आता मनापासून वैताग आलाय. ज्यांनी उभारलेल्या कंपनीत ही गाडी तयार झाली ते वालचंद हिराचंद सोलापूरात जन्मले. निदान आपल्या गावात तरी तिची अशी आबाळ होऊ नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक फक्त दोन मिलिमीटरची आहे. बोल्टच्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. पॅडमिनी, उनो, पॅलिओ या फियाटच्या घराण्यात तो ९८ मिमी. जुन्या बाजारात ढिगानं मिळणारी स्विफ्टची अलॉय १०० ची. मारुती ८०० चं चाक ११४.३ चं असतं, ते हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टनं आवळतात त्यावर, बसतच नाही, त्यामुळे निदान फसवणूक तरी होत नाही. १०० चं मात्र ९८ वर बसल्यासारखं वाटतं, आणि घात तिथंच होतो.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण अशीच पंधरा इंची अलॉय दुसरीकडून बसवून घेऊन आला. तक्रार एकच, साठच्या पुढं स्टीअरिंग थरथरतं. मी म्हटलं, पीसीडी मोजला होता का? तो म्हणाला, ‘बसतंय की अण्णा, आटे पकडले की!’ दोन दिवस गाडी ठेवून जा म्हटलं, तर ऐकेना. घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघाला होता. तामलवाडीच्या अलीकडून फोन आला, पुढचं डावं चाक खडखडतंय. मी व्हील पाना आणि जुनी लोखंडी चाकं घेऊन गेलो. चारपैकी एक बोल्ट तुटलेला, दोन हातानं फिरत होते. बोल्टचा निमुळता भाग अलॉयच्या खळग्यात नीट टेकलाच नव्हता, एका कडेवर सगळा भार घेत होता. वळवळ होऊन हबचे आटेही गेले होते. मागच्या सीटवर त्याची आई आणि लहान पोरगी बसली होती. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. चार भोकांच्या चाकावर समोरासमोरची दोन भोकं धरायची. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की सरळ पीसीडी मिळतो. टेप नको, बारीक माप दाखवणारा व्हर्निअर कॅलिपर घ्या. दोन मिलिमीटरचा फरक टेपवर कळत नाही. निमुळता भाग थोडा सरकेल असे बोल्ट मिळतात, फरक भरून काढतात म्हणे. मी वापरत नाही. भोकं कानशीनं मोठी करून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो.

दुसरी चूक ऑफसेटची. चाकावर ईटी ३५, ईटी ४० असं कोरलेलं असतं. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जास्त तर चाक आत जातं आणि सस्पेन्शनला घासतं, कमी तर बाहेर येऊन मडगार्डला. नव्या गाडीची चाकं जुन्या गाडीला आत घासू लागली की लोक स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मधली चकती, घालतात. त्यानं बोल्ट हबमध्ये कमी शिरतो. बारा मिमी जाडीचा बोल्ट निदान बारा मिमी आट्यांत हवा, हा माझा नियम. शिवाय बाहेर आलेल्या चाकाचा ताण बेअरिंगवर पडतो, आणि पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीचं स्टीअरिंग जड होतं.

आणि मडगार्डची कड ग्राइंडरनं कापणं! ते मला बघवत नाही. तसा पत्रा आता मिळत नाही. घासतंय का हे बघायचं तर टायरच्या खांद्यावर खडू घासा, मागं चार जण बसवा, स्टीअरिंग पूर्ण दोन्हीकडं फिरवा आणि गतिरोधकावरून सावकाश जा. खडू कुठं पुसला ते बघा. एकट्यानं रिकामी गाडी फिरवून ‘ओके’ म्हणू नका. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भार पडल्याशिवाय बसत नाहीत.

रिम मोठा झाला म्हणून चाकाची एकूण उंची वाढायला नको. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि ‘आर’ पुढचा रिमचा व्यास इंचांत. १५५/८० आर१४ ची उंची साधारण ६०४ मिमी, १८५/६० आर१५ ची ६०३. जोडी जमली. १९५/६५ आर१५ घेतलात तर ६३४ च्या पुढं, म्हणजे पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा तुम्ही त्रेसष्टनं जात असता, आणि चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला घाटात एक गिअर खाली यावं लागतं.

जुन्या लोखंडी रिमला टायर ट्यूबलेस म्हणून बिनट्यूबचा लावू नका, आत ट्यूब घाला.

रेडियल आणि क्रॉसप्लाय म्हणजे आतले धागे वेगवेगळ्या दिशेनं घातलेले टायर. पुढं रेडियल आणि मागं जुने क्रॉसप्लाय, हे तर कधीच नको. दोनच रेडियल असतील तर मागं टाका.

टायर चमकतोय म्हणून नवा समजू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, सहा वर्षांपुढचा टायर मी हातात घेत नाही.

बसवताना बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे, शेवटचा जोर टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं. हवेच्या बंदुकीनं ताणून आवळलेला बोल्ट मी सोडून परत आवळतो. मग शंभर किलोमीटर गाडी चालवायची आणि थंड झाल्यावर पाना पुन्हा लावायचा. तो तरुण आता दर वेळी हे करतो, आणि पाना फिरला नाही की मला फोन करून सांगतो.