नक्षीदार युरोपियन चिलखत घेताय? या चुका टाळा

हल्ली म्युनिक किंवा लंडनच्या लिलावात घरबसल्या बोली लावता येते, आणि सोनेरी नक्षीचं घोडेस्वाराचं चिलखत फोटोत दिसलं की हात शिवशिवतातच. पण आधी एवढं वाचा, कारण या वस्तूची खरी किंमत लोखंडात नसते, वरच्या पातळ थरात असते, आणि तो थर एक तर आधीच नकली निघतो किंवा घरी आणल्यावर आपणच घासून घालवतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फक्त समोरून बघणं. विक्रेत्याकडे आतल्या बाजूचे फोटो मागा, तेही भरपूर. १६व्या शतकातला छातीचा पत्रा हातोडीने ठोकून घडवलेला असतो, त्यामुळे आत ठोक्यांच्या खुणा दिसतात, जाडी सगळीकडे सारखी नसते, मध्यभागी पत्रा जाड आणि कडेला पातळ, कारण मार मध्यभागी बसायचा. यंत्रावर लाटलेल्या पत्र्याची जाडी इकडून तिकडे एकसारखी असते. आणि नकला काही कालपरवाच्या नाहीत बरं का. १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनला जुन्या पद्धतीच्या घोडेस्वारी द्वंद्वांचा मोठा सोहळा झाला, त्याला चिलखतं पुरवणारा लंडनचा डीलर सॅम्युअल प्रॅट नकली मालही विकायचा. पुढे म्युनिकमध्ये अर्न्स्ट श्मिट यांच्या कारखान्यात फार देखणी रिप्रॉडक्शन्स बनली. तीही आता चांगली जुनी झालीयत, त्यामुळे ‘जुनं दिसतंय’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. श्मिटचं काम श्मिटचं म्हणून घेतलं तर छानच आहे, फक्त पैसे १६व्या शतकाचे मोजू नका.

याहून फसवा प्रकार म्हणजे चिलखत अस्सल आणि नक्षी मागाहून केलेली. साधं काळं घोडदळी चिलखत स्वस्तात जायचं, म्हणून १९व्या शतकात अशा खऱ्या चिलखतांवर ॲसिडने वेलबुट्टी काढून त्यांची किंमत वाढवली गेली, आणि इथे भलेभले फसतात कारण लोखंड तपासलं तर ते खरंच जुनं निघतं. ओळखायचं कसं तर भिंग घेऊन गंजाचे खड्डे बघा. नक्षी आधीची असेल तर गंज तिला खाऊन गेलेला असतो, रेषा खड्ड्याशी तुटते. पण रेषा खड्ड्यात उतरून पलीकडे तशीच चालू राहत असेल तर गंज आधीचा, नक्षी नंतरची, विषय संपला. मुलाम्याचंही तसंच. जुना मुलामा पाऱ्यातून चढवलेला, तो उंचवट्यांवर झिजतो आणि खोलगट जागी टिकतो. कोपऱ्याकोपऱ्यात सारखाच चकचकीत असेल तर तो विजेने चढवलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ते तंत्र धंद्यात आलं १८४० च्या सुमाराला. सोबत लोहचुंबक ठेवा, त्या काळात तांब्याच्या इलेक्ट्रोटाइप नकलाही (साच्यावर विजेने तांब्याचा थर चढवून बनवलेल्या) निघाल्या, त्यांना चुंबक चिकटत नाही.

शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचा मण्यांच्या वर्तुळातला एन हे अक्षर किंवा ऑग्सबर्ग शहराचं पाइनचं फळ, दोन्ही शिक्के नकली मालावरही मारलेले सापडतात. त्यापेक्षा हाताचे, खांद्याचे, छातीचे तुकडे एकमेकांशी जुळतात का बघा, नक्षीच्या पट्ट्यांची रुंदी एकच आहे का, रिव्हेटची भोकं समोरासमोर येतात का. ‘पूर्ण सेट’ म्हणून विकली जाणारी बरीच चिलखतं चार ठिकाणचे तुकडे जोडून उभी केलेली असतात.

छातीवर गोळीचा एकच पोचा असेल तर तो ठोकून सरळ करायला जाऊ नका. कारागीर पत्रा गोळी झेलतो हे दाखवायला स्वतःच त्यावर गोळी झाडायचे, ती त्याची पावती आहे.

नेपोलियनच्या काळातलं फ्रेंच चिलखत घेत असाल तर आतली अक्षरं वाचाच. वॉटर्लूचं म्हणून विकतायत आणि आत शातेलरो लिहिलंय, तर ते शक्यच नाही, तो कारखाना १८१९ चा आणि लढाई १८१५ ची. पितळी पत्र्याने मढवलेलं कॅराबिनिएचं (फ्रेंच जड घोडदळातल्या स्वाराचं) चिलखत तर आणखी दुर्मिळ, त्यांच्या रेजिमेंट दोनच होत्या. त्यातलं एक, तोफगोळ्याने आरपार भोक पडलेलं, फोव्हो नावाच्या सैनिकाचं, पॅरिसच्या लष्करी म्युझियममध्ये आहे.

आता सफाई, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय, कृपा करून घासू नका. आपल्याकडे देवाची उपकरणी चिंच-मीठ लावून लखलखीत करायची सवय असते, ती इथे अजिबात नको. ही चिलखतं सगळी चकचकीत पांढरी नव्हतीच, कित्येक काळी, निळी, तपकिरी होती आणि त्यावर सोनं उठून दिसायचं. मागच्या शतकांत वीटेची भुकटी लावून लावून तो रंग उडवला गेला, म्हणून निळाईचा थोडाही अंश शिल्लक असेल तर तोच तुमचा खजिना समजा. चिंच, व्हिनेगर, कोला, गंज काढायचं लिक्विड सगळं ॲसिडच, ते मुलाम्याखालचं लोखंड खातं आणि सोनं पापुद्र्यासारखं सुटतं. ब्रासो आणि तारेची घासणी यांनी तर नक्षीच्या कडाच गुळगुळीत होतात. मऊ ब्रशने धूळ झटका, नायट्रिल ग्लोव्ह्ज घाला कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात, आणि मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात द्या, बास. ताजा केशरी गंज सुटत असेल तर धातूच्या कॉन्झर्व्हेटरकडेच (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्या.

जुने चामड्याचे पट्टे बदलू नका आणि त्यांच्यावर वजनही लटकवू नका, आतून आधार देणारा स्टँड करून घ्या. मुंबई किंवा कोकणात ठेवणार असाल तर बंद काचेचं कपाट, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचा मीटर लागणारच, पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवा. शिवाय भारतात आणायच्या आधी नीट विचार करा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू येतात आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे पुढे लंडनला विकू म्हणून इथे आणलेलं चिलखत इथेच अडकू शकतं. खरेदीची बिलं, लिलावाचं कॅटलॉग, कस्टम्सचे कागद सगळं एका फाइलमध्ये ठेवा.