थायरॉइडचा डॉक्टर शोधताना: ‘गोळी कशी घेता?’ हे विचारतो का, ते बघा

पुण्यात डहाणूकर कॉलनीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला उठून कणीक मळायला घेते. चार वर्षांपूर्वी मळता मळता हात भरून यायला लागले, आवाज घोगरा झाला आणि ऐन मे महिन्यात शेगडीपुढे उभी असूनही पाय गार पडायचे. रक्त तपासलं तर टीएसएच १८. थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो. पुढचं दीड वर्ष मी नुसत्या चकरा मारण्यात घालवलं. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

त्या पहिल्या दवाखान्यात दर खेपेला तेच व्हायचं. रिपोर्ट पुढे सरकवायचा, डॉक्टर आकडा बघणार, थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची होणार, मग १०० ची. टीएसएच काही दहाच्या खाली येईना. मला वाटायचं, माझंच शरीर हट्टी आहे.

मग शेजारणीनं कर्वे रोडवरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या एमडी मेडिसिन आहेत. फाईल उघडायच्या आधी म्हणाल्या, “गोळी कशी घेता? सकाळी उठल्यापासून सगळं सांगा.” मी सांगितलं, उठले की चहा, चहाबरोबर थायरॉइडची गोळी आणि विसरायला नको म्हणून लगेच कॅल्शियमची. त्यांनी पेन खाली ठेवलं. “अहो, मग ती अंगी कशी लागणार?” नंतर माझ्या मागे उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली, पाण्याचा घोट गिळायला लावला. घोट्यामागे छोट्या हातोडीनं ठोकलं. पाऊल हललं, पण जागेवर यायला अंमळ वेळ लागला. थायरॉइड कमी असला की असं होतं, म्हणाल्या.

डोस वाढवला नाहीच, उलट ७५ वर आणला. नीट घेतली की १०० जास्त होईल, असं त्यांचं म्हणणं. आता गोळ्यांची बाटली माझ्या उशाशी असते. डोळे उघडले की साध्या पाण्याबरोबर गोळी, मग आंघोळ, देवपूजा आणि पाऊण तासानं चहा. कॅल्शियम रात्री जेवताना. आठ आठवड्यांनी टीएसएच २.८ आला.

डॉक्टर निवडताना मी सगळ्यात जास्त वजन याच प्रश्नाला देते. लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. हे न विचारता जो डोस वाढवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

दुसरा प्रश्न, मोठा तज्ज्ञ हवाच का? बहुतेकांना नको. चांगला फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरतो, आणि ही गोळी बहुधा जन्मभराची असल्यानं तो घराजवळ असलेला बरा. कोथरूडहून कॅम्पात दर खेपेला जायचं म्हटलं की माणूस तपासणीच टाळतो. पण दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, रुग्ण लहान मूल असेल, हृदयाचा त्रास असेल, गळ्याला गाठ लागत असेल, गोळी नीट घेऊनही आकडा स्थिरावत नसेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टच, म्हणजे हार्मोनचा तज्ज्ञच गाठा. टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, कमी असूनही टीएसएच वाढलेला नसेल तरीसुद्धा. तेव्हा दोष पिट्युटरीत, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीत, असू शकतो. पाटीवर एमडीनंतर डीएम एंडोक्रायनॉलॉजी किंवा तशीच डीएनबी पदवी असते. नुसतं ‘थायरॉइड स्पेशालिस्ट’ लिहिलेलं असेल तर पदवी विचारा, लाजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरांची नोंदणीही बघता येते. खासगी फी झेपत नसेल तर ससूनची मेडिसिनची ओपीडी आहे. फक्त सकाळी लवकर जा आणि डबा बरोबर ठेवा.

जाताना सगळे रिपोर्ट तारखेनं लावून न्या. गोळ्यांची बाटलीच न्या, नाव सांगण्यात घोळ होतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. त्यानं रक्ताचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो, म्हणून तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवायला सांगतात. ॲसिडिटीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, काही लपवू नका.

उठण्यापूर्वी पुढची तपासणी कधी, हे विचारा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे, असं उत्तर यायला हवं. पंधरा दिवसांत पुन्हा टीएसएच करायला लावला तर कारण विचारा, कारण एवढ्यात आकडा बसत नाही. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, एकदा वाढलेली निघाली की दर खेपेला करायची गरज नसते. गोळीची कंपनी बदलली तर चालेल का, हेही विचारून घ्या. माझ्या डॉक्टरबाई म्हणतात, एकच धरा, बदललीच तर कळवा. आणि महिन्याभरात गोळी कायमची सोडवतो म्हणणारा भेटला, तर चप्पल घाला आणि निघा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असं ऐकून गोळी सोडली. तीन महिन्यांत चेहरा सुजला, जिना चढवेना.

भाचीचा डॉक्टर मात्र मला फार आवडला. ती रास्ता पेठेत राहते, गोळी आधीपासून चालू. लग्नानंतर पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं: दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवसापासून आठवड्याला दोन गोळ्या जादा, आणि लगेच फोन. गरोदरपणात गरज वाढते आणि बाळाला सुरुवातीला आईच्याच थायरॉइडवर राहावं लागतं, हे तिला समजावलं होतं. तो कागद तिनं फ्रिजवर चिकटवला होता. गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी तिनं तो वाचला, जादा गोळी घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला.