मिनिएचर रंगवताना या चुका टाळा

मिनिएचर, म्हणजेच मिनी, या टेबलावरच्या युद्धखेळांतल्या छोट्या आकृत्या. नवशिक्यांनी रंगवलेले ऑर्क (राक्षसी योद्धे) आणि सांगाडे माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा गडबड बहुतेक वेळा हाताच्या कौशल्याची नसते. डोळा तिरका झाला, पट्ट्याचा रंग अंगरख्यावर गेला, हे सगळं चालतं. खेळाच्या टेबलावर तीन फुटांवरून ते दिसतही नाही. दिसतं ते असं, की रंगाखाली चेहराच शिल्लक राहिलेला नाही. जेमतेम २८ ते ३२ मिलिमीटरच्या त्या आकृतीवर कुणीतरी दात, चिलखताच्या कड्या, केसांच्या बटा खपून कोरलेल्या असतात आणि आपण एका बैठकीत त्या बुजवून मोकळे होतो. मला सगळ्यात जास्त चीड याच चुकीची येते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

बाटलीतला रंग थेट मिनीवर

रंग पातळ करा. हे सगळे सांगतात, सगळे मान डोलावतात आणि तरीही बाटलीच्या झाकणातूनच ब्रश भरतात. कारण एकच: पातळ रंगाचा पहिला थर भिकार दिसतो. खालचा प्राइमर (रंग धरावा म्हणून आधी दिलेला अस्तराचा थर) दिसतो, कुठे गडद, कुठे फिका. नवखा माणूस घाबरतो आणि लगेच त्यावर दुसरा हात मारतो. ॲक्रिलिक रंग वरून सुकल्यासारखा वाटला तरी आत ओला असतो. ब्रश फिरला की ती अर्धवट पापुद्र्याची साय फाटते, गोळा होते आणि कडेला जाऊन बसते. मग ते झाकायला अजून जाड रंग. चेहरा जातो तो असा.

पहिला थर ठिगळं ठिगळं दिसायलाच हवा. दुसऱ्यात तो जुळतो, तिसऱ्यात भरतो. मधे पाच-दहा मिनिटं द्या. तेवढा वेळ नुसतं बसवत नसेल तर चार-पाच मिनी एकत्र घ्या. शेवटची होईपर्यंत पहिली वाळलेली असते. पातळ म्हणजे किती? साधारण दुधाइतका. माझी खात्री करायची पद्धत जुनी आहे. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढायची. रेघ जागेवर राहिली आणि ब्रशच्या केसांच्या खुणा उमटल्या नाहीत, तर रंग तयार. रंग नखाच्या कडेला पळाला तर पाणी जास्त झालं. अशा रंगाने वाळल्यावर कडेला डाग धरतात, तेव्हा त्यात पुन्हा थोडा रंग घाला किंवा पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला ॲक्रिलिक द्रव) वापरा.

यासाठी वेट पॅलेट हवाच, आणि तो विकतचाच हवा असं मुळीच नाही. एक उथळ डबा, त्यात भिजवलेला पातळ स्पंज, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. या कागदावर पातळ केलेला रंग तासन्‌तास तसाच राहतो, त्यामुळे दुसऱ्या थराला तीच छटा मिळते. आणि बाटली हलवा, नीट हलवा. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असताना वरचा पाणचट द्रव लावायचा आणि "हा रंग झाकतच नाही" म्हणून कंपनीला नावं ठेवायची, हे मी फार ऐकलंय.

पिवळा आणि पांढरा मात्र खरोखरच झाकत नाहीत, तो त्यांचा स्वभाव आहे. काळ्या प्राइमरवर थेट पिवळा लावत बसू नका. आधी गेरूकडे झुकणारा तपकिरी किंवा गुलाबी थर द्या, मग पिवळा. पांढऱ्याखाली फिकट करडा किंवा हाडाचा रंग. थर निम्म्यावर येतात.

दमट हवेत स्प्रे

आमच्या टेबलावर खेळणाऱ्या एका मुलाने ड्रॅगन रंगवला होता. पंखांच्या पडद्यावर मुळाशी जांभळा, कडेला लाल, आणि मधला उतार असा की कुठे सुरू झाला ते सांगता येऊ नये. पहिल्याच मोठ्या कामात एवढा धीर मी फार कमी लोकांमध्ये पाहिलाय. दुसऱ्या दिवशी सामना होता. संध्याकाळी बाहेर पाऊस पडत असताना त्याने मॅट व्हार्निशचा (रंग जपणाऱ्या बिनचमक लेपाचा) कॅन काढला, थोडासा हलवला आणि जवळ धरून एकदाच भरपूर मारला. रात्री त्याचा फोन आला: "दादा, सगळा पांढरा पडला. ॲसिटोनने पुसू का?"

बरं झालं त्याने आधी विचारलं. ॲसिटोनने नुसता रंग जात नाही, पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच विरघळतं. खवले, शिंगं, पंखांच्या शिरा, सगळं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ड्रॅगन पाहिला. पडद्यांवर दुधी धुकं, आणि मानेखालच्या खवल्यांच्या फटीत पांढरी पूड बसलेली. अंगठ्याने घासली तर हलत नव्हती, कारण ती पूड नव्हतीच, व्हार्निशचाच भाग होता. मॅट व्हार्निशमध्ये चमक घालवणारा बारीक घटक असतो आणि तो कॅनच्या तळाशी बसतो. कॅन नीट हलवला नाही, थर जाड बसला, त्यात हवेतला ओलावा अडकला, की पृष्ठभाग धुरकट होतो. नवीन मुलं याला "फ्रॉस्टिंग झालं" म्हणतात आणि मिनी फेकून देतात.

फेकू नका. ड्रॅगन त्या सामन्यात तसाच धुरकट खेळला आणि नंतर दिवसभर कोरड्या जागी राहिला. मग आम्ही ब्रशने ग्लॉस (चकचकीत) व्हार्निशचा पातळ हात दिला. ग्लॉस त्या खरखरीत पृष्ठभागात भरतो आणि खालचा रंग पुन्हा वर येतो. पंख जसेच्या तसे परत आले. मानेखालच्या खोल फटी मात्र नाही सुटल्या, त्या त्याने पुन्हा रंगवल्या. ग्लॉस पूर्ण वाळल्यावर वरून मॅट, तोही ब्रशनेच.

प्राइमरलाही हेच लागू. कॅन दोन मिनिटं हलवा, घड्याळ लावून. अंतर २० ते ३० सेंटिमीटर. फार लांबून मारलात तर थेंब हवेतच सुकतात आणि मिनीवर खरखर बसते. फार जवळून मारलात तर ओघळ येतात. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करायचा, अंगावरून न्यायचा, पलीकडे जाऊन सोडायचा. छोटे छोटे झटके. आणि पहिला फवारा नेहमी स्प्रूच्या (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) उरलेल्या तुकड्यावर. मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून. हवेत आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी कॅनला हातच लावत नाही, ब्रशने लावायचा प्राइमर घेतो. त्याला वेळ लागतो हे खरं, पण बिघडलेला स्प्रे निस्तरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

वॉश म्हणजे जादू नव्हे

नल्न ऑइल किंवा ॲग्रॅक्स अर्थशेडसारखा वॉश (फटीत उतरून सावली देणारा पातळ गडद रंग) अंगभर ओतायचा आणि सावल्या आपोआप पडतील म्हणून वाट पाहायची, हा आणखी एक लाडका आळस. सपाट ढालीवर, खांद्यावरच्या चिलखतावर वॉश साचतो आणि वाळताना गोल डाग सोडतो. वॉश फटीत हवा, माळावर नको. लावल्यावर लगेच स्वच्छ, किंचित ओल्या ब्रशने साचलेला थेंब टिपून घ्या. सुकायला लागला की हात मागे. अर्धवट सुकलेला वॉश पुसायला गेलात की डाग दुप्पट होतो. वाळू द्या, मग मूळ रंगाने उंच भाग परत उजळा.

२०१९ मध्ये सिटाडेल ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग (एकाच थरात उजेड आणि सावली देणारे) आले, तेव्हापासून "एकाच थरात काम" ही अपेक्षा फार वाढली आहे. रंग चांगले आहेत. लोकर, केस, कातडं, खवले यांवर मी स्वतः वापरतो. पण ते फिकट प्राइमरवरच चालतात आणि मोठ्या गुळगुळीत भागावर तेवढेच डाग धरतात. मूळ थर द्यायला न शिकता यांच्यावर विसंबलेल्या माणसाला पुढे एक साधी ढाल एकसारखी रंगवता येत नाही, हे मी वारंवार पाहतो.

बाकीच्या, थोडक्यात

मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ) प्राइमरच्या आधी चाकूच्या उलट्या कडेने खरवडा. नंतर ती ड्रायब्रशमध्ये (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच भाग उजळताना) सगळ्यात आधी उठून दिसते.

रेझिनच्या मिनी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावरून रंग सोलून निघेल.

प्लॅस्टिक सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, म्हणून ते रेझिन आणि धातूवर चालत नाही, तिथे सुपरग्लू.

डोळ्यांसाठी तीन शून्यांचा (अगदी बारीक) ब्रश घेऊ नका. त्यात रंग मावतच नाही, टोकावरच सुकतो. एक नंबरचा चांगल्या टोकाचा ब्रश घ्या.

ब्रश धातूच्या नळीपर्यंत बुडवू नका. मुळाशी रंग सुकला की केस फाकतात आणि टोक कायमचं जातं.

मेटॅलिक रंगांचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर पुढच्या अंगरख्यावर चमकी दिसेल.

मिनी अंगाला धरू नका. बाटलीच्या झाकणावर चिकटमाती लावून त्यावर बसवा; बोटांच्या तेलाने कडांवरचा रंग घासला जातो.

ढाल छातीला चिकटवून मग मागचं चिलखत रंगवायला जाल तर ब्रश पोहोचणार नाही. असे भाग वेगळे रंगवून शेवटी जोडा.

आणि रंग खरंच जाड झाला असेल, तर त्यावर आणखी थर नकोत. प्लॅस्टिकची मिनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. मग जुन्या टूथब्रशने हळूहळू घासा. रेझिन असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासा, काही रेझिन मऊ पडतात. फटीतला रंग टूथपिकने काढा, साबणाने धुवा, रात्रभर वाळू द्या आणि नव्याने प्राइमर मारा.