तैलरंगात व्यक्तिचित्र: आधी छाया, मग रंग

पहिलं व्यक्तिचित्र करताना बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पापण्या सुरेख जमतात, डोकं मात्र वाकडंच राहतं.

मॉडेलच्या एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, एकच दिवा ठेवा. दोन दिवे असले की सावल्या फुटतात आणि चेहऱ्याचा घाट हरवतो. कॅनव्हासला टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग लावून फडक्याने पुसून घ्या. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद भासते.

त्याच अंबरने डोक्याचा आकार मांडा. चेहरा समोरून सरळ असेल तर डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते. नवशिके ती हमखास वर नेतात. आता डोळे बारीक करून पाहा. बारकावे विरघळतात, उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. भुवईखालचा खळगा, नाकाची सावली, गालाची सावली, हे सगळं अनेकदा एकाच गडद आकारात मिसळलेलं असतं. तो आकार रंगवा, नाक नव्हे. या तपकिरी चित्रातच माणूस ओळखू यायला हवा. येत नसेल तर पुसा, पुन्हा मांडा. यात अख्खा दिवस गेला तरी मी पुढे जात नाही.

हा थर वाळला की रंग घ्या. यलो ओकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि पांढरा एवढे पुरतात. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने हे पॅलेट ओळखलं जातं. यात निळा नाही, तरी काळ्या-पांढऱ्याचा करडा त्वचेच्या उबदार रंगाशेजारी चक्क निळसर दिसतो. ढोबळमानाने कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटीचा भाग करडा. डोळ्याचा पांढरा भागही करडाच रंगवा; निव्वळ पांढरा फक्त बुबुळावरच्या चमकेला, तोही शेवटी.

वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत जा. तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला तर तो पुढे तडकतो.

व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा. तेलाची फडकी मात्र त्याच दिवशी उघड्यावर पसरून वाळवा. बोळा करून टाकलेलं जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.